विमा, योजना आणि हमी : सातारा-सांगलीकडील आरोग्यविषयक लोकमताचा शब्दार्थविचार

१ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातील आरोग्य विम्याच्या व्यवस्थेत एक मूलगामी बदल अमलात आला. तोपर्यंत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही मुख्यतः पिवळी अथवा केशरी शिधापत्रिका असणाऱ्या कुटुंबांपुरती होती. २८ जून २०२३ च्या मंत्रिमंडळ-निर्णयानुसार ती शिधापत्रिकेचा रंग न पाहता, आणि शिधापत्रिकाच नसल्यास अधिवासाच्या प्रमाणपत्रावर, राज्यातील सर्व रहिवाशांना खुली झाली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांची मर्यादाही पाच लाखांवर गेली. एवढ्या मोठ्या सुधारणेविषयी लोकांचे मत काय आहे, असा प्रश्न अर्थशास्त्राचा किंवा राज्यशास्त्राचा अभ्यासक साहजिकच विचारील आणि प्रश्नावली घेऊन गावोगाव जाईल. त्या प्रश्नावलीत कोणता शब्द घालावयाचा, हा मात्र भाषाभ्यासकाचा प्रश्न आहे. आणि तो दिसतो तितका किरकोळ नाही. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या बोलण्यात ‘विमा’, ‘योजना’, ‘हमी’ आणि ‘मेडिक्लेम’ हे चार शब्द एकाच वस्तूची चार नावे नाहीत. प्रत्येकामागे वेगळा अनुभव आहे, आणि त्या अनुभवानुसार माणूस दवाखान्याच्या खिडकीपाशी मागणी करतो की विनवणी करतो हे ठरते.

या दोन जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्यास इतिहासाचाही आधार आहे. जुन्या सातारा जिल्ह्यातूनच १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा करण्यात आला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठचा ऊस आणि पूर्वेकडील दुष्काळी माळ ही दुहेरी रचना दोन्हीकडे सारखीच आढळते. एका बाजूस कऱ्हाड, वाळवा, पलूस. दुसऱ्या बाजूस माण, खटाव, आटपाडी, जत. मोठ्या दुखण्यासाठी मिरजेस किंवा कऱ्हाडास जावयाचे, ही वाटही बहुतांशी समाईक. मिरजेची ख्याती तर १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचे रुग्णालय उघडले तेव्हापासूनची आहे, आणि उत्तर कर्नाटकातील रुग्णही तेथे पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत.

प्रथम एका आकड्याचा विचार करावयास हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ४१ टक्के कुटुंबांत निदान एक व्यक्ती कोणत्यातरी आरोग्य विम्याच्या किंवा योजनेच्या छत्राखाली असल्याचे आढळले. महाराष्ट्राचा आकडा त्याहून पुष्कळच खाली, चौथाईच्याही आत होता. वस्तुतः त्या वेळी राज्य शासनाच्या हिशेबाने फुले योजनेस पात्र असलेली कुटुंबे सुमारे २ कोटी २३ लाख होती, म्हणजे राज्यातील बहुसंख्य कुटुंबे. शासन ज्यांना संरक्षित म्हणते त्यांपैकी बहुतेकांनी ‘आम्ही संरक्षित नाही’ असे उत्तर दिले, असा याचा सरळ अर्थ होतो. माहितीचा अभाव हे याचे एक कारण आहे, यात शंका नाही. परंतु तेवढ्याने भागत नाही. सर्वेक्षणातील प्रश्न एका स्थितीविषयी विचारला जातो : कुटुंबातील कोणी छत्राखाली ‘आहे’ काय? आणि लोकांच्या भाषेत योजना ही स्थिती नाहीच. ती एक घटना आहे.

हे विधान क्रियापदांच्या साह्याने तपासून पाहता येते. या भागात कोणी ‘मी योजनेत आहे’ असे सहसा म्हणत नाही. ‘ऑपरेशन योजनेत बसतं का?’ असा प्रश्न विचारला जातो. पेशंट बसतो, आजार बसतो, कधी कागद बसत नाही. दुसरे क्रियापद ‘चालणे’ : ‘इथं कार्ड चालतं का?’ नाण्याविषयी किंवा नोटेविषयी जसे विचारावे तसाच हा प्रश्न आहे. कार्डाचे मोल कार्डात नसून घेणाऱ्याच्या मान्यतेत आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. ‘बसणे’ आणि ‘चालणे’ ही दोन्ही अकर्मक क्रियापदे. त्यांत कर्ता म्हणून माणूस नाही. कोणी देत नाही, कोणी नाकारत नाही. गोष्ट आपोआप बसते किंवा बसत नाही. माप घेतलेल्या अंगरख्याविषयी बोलावे, तशी ही भाषा. आणि दुखणे येऊन रुग्ण खाटेवर पडेपर्यंत अंगात घालून पाहण्यास काही नसल्यामुळे, निरोगी कुटुंबाने ‘आमचा विमा नाही’ असे सांगणे हे त्याच्या व्याकरणाप्रमाणे खरेच असते.

याहून अर्थपूर्ण आहे ते ‘बसणे’चे प्रयोजक रूप. ‘बसत नाही’ असे उत्तर मिळाले की दुसरे वाक्य येते : ‘तेवढं बसवून द्या.’ येथे कर्ता अवतरतो. तो आरोग्यमित्र असेल, ओळखीचा डॉक्टर असेल, किंवा ज्यांची चिठ्ठी चालते असा गावचा पुढारी असेल. ‘बसवणे’ला ‘देणे’ हे साहाय्यक क्रियापद जोडले गेले की कृतीचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडते आणि कृतीला उपकाराची छटा येते. मराठीतील ‘करून देणे’, ‘सांगून देणे’, ‘मिळवून देणे’ हे प्रयोग पाहावेत. ‘बसते’कडून ‘बसवून द्या’कडे होणारा हा प्रवास नियमाच्या जगातून मेहेरबानीच्या जगात जाण्याचा प्रवास आहे, आणि तो एका प्रत्ययावर घडतो. लोकमताचा शोध घेणाऱ्याने या प्रत्ययाकडे लक्ष दिले, तर त्यास समाधानाच्या पाचपायरी मोजपट्टीवर न सापडणारे पुष्कळ काही सापडेल.

आता ‘विमा’ हा शब्द. फारसी-हिंदुस्थानी मार्गाने तो मराठीत आला व ‘उतरवणे’ या क्रियापदाशी त्याची जोडी जमली. ‘विमा उतरवणे’ यातील ‘उतरवणे’चे नाते डोक्यावरील ओझे उतरवण्याशी जोडण्याचा मोह होतो, पुरावा मिळेपर्यंत तो आवरलेला बरा. व्यवहारात या शब्दाला जी अर्थच्छटा चिकटली ती आयुर्विम्यामुळे. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्यानंतर एजंट, हप्ता, पावती आणि मुदतीअखेर मिळणारी रक्कम हे विम्याचे चार खांब घरोघर ठाऊक झाले. शेतकरी कुटुंबात यात आणखी एक भर पडली, ती पीक विम्याची. तासगावची द्राक्षे, आटपाडीचे डाळिंब, माणची बाजरी यांच्यावरील विम्यासंबंधी बोलताना माणसे ‘विमा आला’ किंवा ‘विमा मंजूर झाला’ असे म्हणतात, आणि त्याचा अर्थ बँकेच्या खात्यात पैसे जमा झाले असा असतो. २०२३ च्या खरिपापासून राज्याने शेतकऱ्याचा वाटा एक रुपयावर आणला होता, व २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. तरीही ‘काही भरावयाचे व काही यावयाचे’ ही विम्याची कल्पना अबाधितच राहिली.

फुले योजनेत यांपैकी काहीच घडत नाही. कुटुंबाने हप्ता भरावयाचा नाही. नाव नोंदवावयाचे नाही, कारण शिधापत्रिका हीच नोंद. रुग्ण दाखल झाला की आरोग्यमित्र शिधापत्रिका व ओळखपत्र पाहतो. रुग्णालय निदानाचे कागद पाठवून पूर्वमान्यता मागते. मान्यता आली की उपचार होतो, आणि तपासण्या, औषधे, भोजन हे सर्व धरून ठरलेला एकच दर रुग्णालयाला मागाहून मिळतो. रुग्णाच्या हाती पैसा येत नाही, त्याच्या हातून जातही नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा उत्तम विमा. मराठीच्या दृष्टीने हा विमा नव्हेच, कारण न ‘भरला’, न ‘आला’.

येथे एक लहानसा विषयांतराचा मुद्दा नोंदविण्याजोगा आहे. कृष्णाकाठी ‘बिल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ उलटा झाला आहे. ‘उसाचं बिल आलं’ म्हणजे कारखान्याकडून उसाचे पैसे मिळाले. बिल ही तेथे मिळकत आहे. दवाखान्याचे बिल भागविण्यासाठी उसाच्या बिलाची वाट पाहणारे कुटुंब एकच शब्द दोन विरुद्ध अर्थांनी एका वाक्यात वापरते, आणि त्याला त्यात काही विसंगती वाटत नाही. परका शब्द उसना घेताना लोक त्याच्याबरोबर त्याची जमाखर्चाची बाजू घेत नाहीत, याचे हे सुरेख उदाहरण आहे.

‘योजना’ हा शब्द या सर्वांत सर्वाधिक रुळलेला, आणि त्यामुळेच सर्वाधिक पोकळ. त्याला विशेषण लागत नाही. मिरजेतील रुग्णालयाच्या दारात ‘योजना आहे का?’ एवढे विचारले की पुरे. योजनेच्या नावांचा इतिहास पाहिला म्हणजे लोकांनी विशेषण का टाकले ते समजते. १९९७ मध्ये हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांसारख्या गंभीर आजारांसाठी जीवनदायी योजना निघाली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचा सोलापूर होता, सातारा-सांगली नव्हते. या दोन जिल्ह्यांत ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून, राज्यव्यापी विस्ताराबरोबर आली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्हींची एकत्रित अंमलबजावणी होऊ लागली, तेव्हा दोन्ही नावे एकापुढे एक जोडलेले एक लांबलचक नाव तयार झाले. फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे. तेव्हा निदान सातारा जिल्ह्यात तरी हे नाव तोंडी बसावयास हवे होते. तथापि अनेकांच्या तोंडी अजून ‘जीवनदायी’च आहे. नाव बदलणे शासनाच्या हाती असते, विशेषनामाचे सामान्यनाम होणे हे मात्र बोलणाऱ्यांच्या हाती असते, आणि ‘जीवनदायी’ हे त्या वाटेने पुढे गेलेले आहे.

या नामांतरांमुळे लोकमताच्या मोजणीत घोटाळा होतो, हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत २०१० मध्ये आरोग्य विम्याच्या सुधारणेचा मोठा कायदा झाला. त्याचे अधिकृत नाव ‘ॲफोर्डेबल केअर ॲक्ट’, तर राजकीय वादातून रूढ झालेले नाव ‘ओबामाकेअर’. सीएनबीसी या वृत्तसंस्थेने सप्टेंबर २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत निम्म्या लोकांना एक नाव घालून व उरलेल्यांना दुसरे नाव घालून तोच प्रश्न विचारण्यात आला. ‘ओबामाकेअर’ला ४६ टक्क्यांनी विरोध केला, ‘ॲफोर्डेबल केअर ॲक्ट’ला ३७ टक्क्यांनी. कायदा एकच होता. विशेष म्हणजे व्यक्तीचे नाव आले तेथे पाठिंबाही वाढला आणि विरोधही वाढला, व ‘माहीत नाही’ म्हणणारे घटले. लोकांचे मत वस्तूविषयी जितके असते तितकेच नावाविषयीही असते, हे तेथे आकड्यांत सिद्ध झाले. महाराष्ट्रात अशी दुहेरी प्रश्नावली वापरून पाहण्यास काहीच अडचण नाही; ‘आयुष्मान’ व ‘जीवनदायी’ हे शब्द आलटून पालटून घातले तरी पुरे.

यानंतर ‘हमी’. प्रस्तुत विवेचनाचा गाभा येथे आहे, कारण या शब्दाला सांगली जिल्ह्यात स्वतःचा इतिहास आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे हे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. हाताला काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम मिळालेच पाहिजे, या कल्पनेचा पहिला प्रयोग १९६० नंतरच्या दशकात त्यांच्याच तासगाव परिसरात झाला. १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर विस्तारली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, हे त्याचे सूत्र. शहरातील नोकरदारांकडून व्यवसाय कर घेऊन त्या पैशावर ही व्यवस्था चालावयाची, हेही त्याच सुमारास, १९७५ मध्ये ठरले. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांतील एका अख्ख्या पिढीने ‘हमी’ हा शब्द खडी फोडताना आणि पाझर तलावाची माती वाहताना शिकून घेतला. ‘हमीवर जाणे’ हा वाक्प्रयोग त्यातूनच आला. त्या हमीत काम मागावे लागे, मागण्याचा अर्ज असे, अर्जाची पोच असे, व पोच दाखवून भांडता येत असे. या शब्दाची कायदेशीर घडण अशी झालेली आहे.

आता आरोग्य योजना राबविणाऱ्या संस्थेचे नाव पाहावे : राज्य आरोग्य हमी सोसायटी. २०२० नंतरच्या एकत्रित योजनेत तर काही भाग ‘विमा तत्त्वावर’ आणि काही भाग ‘हमी तत्त्वावर’ चालविला जाईल अशी विभागणी होती. वाचणाऱ्यास वाटावे, की हमी तत्त्वावर म्हणजे रोजगार हमीप्रमाणे : मागा, पोच घ्या, न मिळाल्यास भरपाई मागा. प्रत्यक्षात तसे काहीही नाही. येथे ‘हमी’ हा इंग्रजीतील ‘ॲश्युअरन्स’ या शब्दाचा प्रतिशब्द आहे, आणि त्या परिभाषेत त्याचा अर्थ एवढाच, की मध्ये विमा कंपनी न ठेवता शासन रुग्णालयांची देणी परस्पर भागवील. रोजगार हमीतील ‘हमी’ ही ‘गॅरंटी’ची होती. इंग्रजीत दोन शब्द, दोन वेगळ्या कायदेशीर वजनांचे. मराठीत त्यांचे एक झाले. पहिल्या हमीत शासनाने मजुराला शब्द दिला होता. दुसऱ्या हमीत शासनाने शब्द दिला आहे तो रुग्णालयाला.

ही केवळ भाषांतरकाराची चूक म्हणून सोडून देता येणार नाही, कारण ती ज्या भागात येऊन पडली तेथे शब्दाला पूर्वीचा अनुभव होता. अर्थात हमीचा अनुभवही एकरंगी नाही. ‘हमीभाव’ या शब्दाने सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याला नेमके उलटे शिकविले आहे : हमी जाहीर होते, पण बाजारात माल त्याखाली जातो. तेव्हा या जिल्ह्यांत ‘हमी’ ऐकताच एका माणसाला पोचपावती आठवते आणि दुसऱ्याला अडत्याच्या दुकानातील पट्टी. शासनाच्या आरोग्य हमीविषयी एकाच घरात विश्वास आणि अविश्वास दोन्ही का आढळतात, याचा उलगडा मतदाराच्या पक्षनिष्ठेपेक्षा या दुहेरी अनुभवात अधिक चांगला होतो.

अधिकृत मराठीने या संदिग्धतेत आणखी भर घातली आहे. योजनेतील रुग्णालयास ‘अंगीकृत रुग्णालय’ म्हणतात. लोक ‘योजनेचा दवाखाना’ म्हणतात आणि तेच अधिक नेमके आहे. पण खरा विचार करण्याजोगा शब्द ‘लाभार्थी’ हा आहे. ‘विद्यार्थी’, ‘मोक्षार्थी’, ‘शरणार्थी’ या मालिकेतील तो शब्द. त्यातील उत्तरपद ‘इच्छिणारा’, ‘मागणारा’ असा अर्थ सांगते. ज्याला कायद्याने वा शासननिर्णयाने काही देय आहे त्याला हा शब्द याचकाच्या रांगेत उभा करतो. रोजगार हमीच्या जुन्या भाषेत काम मागणारा हा ‘मजूर’ होता, लाभार्थी नव्हता. धर्मादाय रुग्णालयांच्या संदर्भात तर याहून कठोर शब्द आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने आखून दिलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा ‘निर्धन’ रुग्णांसाठी मोफत व १० टक्के ‘दुर्बल’ घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या असतात. पाच एकर कोरडवाहू जमीन असलेला जतचा शेतकरी स्वतःला कागदावर निर्धन म्हणवून घेण्यास कचरतो. त्याच्या मनात निर्धन ही आर्थिक अवस्था नाही, ती नालस्ती आहे. सवलत आहे, पण तिच्या दारावरची पाटी त्याला आत येऊ देत नाही.

शिधापत्रिकेच्या रंगाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला होता, आणि वेगळ्या रीतीने बिघडविलाही होता. १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्यावर शुभ्र. रंग उच्चारणे सोपे. त्यात अपमान कमी. ‘आमचं केशरी आहे’ हे वाक्य कोणीही मान वर करून म्हणू शकतो. परंतु एक लाखाची रेषा रुपयाचे मोल उतरत गेले तरी जागची हलली नाही, आणि गावातील कोणाचे कार्ड कोणत्या रंगाचे हे मिळकतीइतकेच वाटपाच्या वेळच्या खटपटीवर अवलंबून राहिले. बागायतदाराकडे केशरी आणि साध्या शिक्षकाकडे शुभ्र, अशी उदाहरणे दाखवून बोलणे हा या भागातील योजनाविषयक चर्चेचा ठरलेला भाग झाला. मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना सात-बाराच्या उताऱ्यावर योजनेत घेण्यात आले होते. माण किंवा जतचा दुष्काळ त्या यादीत नव्हता. येथील लोकांचा रोष योजना अपुरी असल्याबद्दल होता त्यापेक्षा रेषा चुकीच्या जागी ओढल्याबद्दल अधिक होता.

करोनाच्या साथीत, मे २०२० च्या शासननिर्णयाने, योजना काही काळ सर्वांसाठी खुली झाली होती. तिचा ठसा लोकभाषेवर फारसा उमटलेला दिसत नाही. साथीची आठवण खाट, प्राणवायू आणि इंजेक्शन या शब्दांत साठविली गेली. योजना त्यात कोठे नाही.

२०२४ च्या सुधारणेने रंगाची रेषा पुसून टाकली. याविषयीचे मत कोणत्या भाषेत व्यक्त होते ते पाहिले तर तीन सूर स्पष्ट ऐकू येतात. पूर्वी पात्र असणाऱ्यांना वाटते, की खाटा तेवढ्याच व मागणारे वाढले. पूर्वी अपात्र असणारा शुभ्र कार्डवाला ‘आता आमचंही बसतं’ म्हणतो, आणि त्याच्या ‘आता’मध्ये पंचवीस वर्षांची तक्रार असते. तिसरा वर्ग मेडिक्लेमवाल्यांचा. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ नावाची पॉलिसी काढली, आणि तो शब्द खासगी आरोग्य विम्यासाठी मराठीत कायमचा रुजला. या वर्गाच्या दृष्टीने विमा म्हणजे मेडिक्लेम व योजना म्हणजे गरिबांसाठीची सोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर उठला, याचे त्यांनी स्वागत केले. पण आपण स्वतःही फुले योजनेत पात्र झालो आहोत, ही गोष्ट त्यांतील कितीजण उच्चारून दाखवितात? ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळू लागले, तेव्हा या वर्गात प्रथमच ‘योजना’ हा शब्द स्वतःच्या घराविषयी वापरला जाऊ लागला, आणि तोही बहुधा आईवडिलांच्या संदर्भात.

या तिन्ही सुरांत एक गोष्ट समान आहे. योजना फक्त ‘मोठ्या दुखण्या’साठी, हे सर्वांनी गृहीत धरले आहे, आणि ते बरोबर आहे. यादीतील उपचारांसाठी दाखल झाल्यावरच ती लागू होते. २०२४ मध्ये त्या यादीत १,३५६ उपचार होते व पुढे ती वाढविण्यात आली. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, मधुमेहाची तपासणी, तापाचा बाह्यरुग्ण-खर्च यांत येत नाही. आणि कुटुंबाच्या खिशाला सततची गळती तेथेच असते. या गळतीला मराठीत नावच नाही. ‘बारीकसारीक’ म्हणून ती मोजणीतून सुटते. सुधारणेच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचित येतो याचे एक कारण ती निनावी आहे हेही असावे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला तेव्हा बाह्यरुग्ण-सेवेचाही त्यात समावेश केला. हक्क हा शब्द वापरला की यादीपलीकडचे असे प्रश्न विचारावेच लागतात. योजना म्हटले की यादी पुरते.

या पार्श्वभूमीवर सातारा-सांगलीत लोकमताची पाहणी करावयाची झाल्यास प्रश्न कसे घडवावेत, याविषयी काही सूचना करता येतील. ‘तुमच्या कुटुंबाचा आरोग्य विमा आहे काय?’ हा प्रश्न फक्त मेडिक्लेमवाल्यांची गणती करील. ‘योजनेचा लाभ मिळाला काय?’ यात लाभार्थीपणा प्रश्नातच शिरतो, आणि उत्तरात कृतज्ञता किंवा तक्रार याखेरीज काही येऊ शकत नाही. त्याऐवजी प्रसंगापासून सुरुवात करावी : घरात शेवटचे मोठे दुखणे कोणते झाले, कोठे नेले, तेथे काय विचारले, काय उत्तर मिळाले. उत्तरातील क्रियापद जसेच्या तसे टिपून घ्यावे. ‘बसलं’, ‘बसवलं’, ‘बसवून घेतलं’ या तीन रूपांना तीन निरनिराळी खाती ठेवावीत. पैसे वरचे द्यावे लागले असल्यास ते कोणत्या नावाने घेतले, तेही लिहावे. डिपॉझिट, तपासणी, बाहेरचे औषध यांतील प्रत्येक शब्दाचा न्याय वेगळा आहे. गलाईच्या धंद्यानिमित्त परप्रांती राहणाऱ्या आटपाडी-खानापूरच्या कुटुंबांना, कार्ड गावी आणि माणूस दूर अशा वेळी काय केले, हे स्वतंत्रपणे विचारावे.

आणि ज्यांनी दवाखाना गाठलाच नाही त्यांच्यासाठी एक प्रश्न राखून ठेवावा. मराठीत त्यांच्या वर्तनाला नेमका शब्दप्रयोग आहे : दुखणे अंगावर काढणे. ‘गेल्या वर्षात घरातल्या कोणी दुखणं अंगावर काढलं का, आणि का?’ असा प्रश्न माणमध्ये किंवा जतमध्ये विचारला असता जी उत्तरे येतील त्यांत विमा, योजना, हमी यांपैकी एकही शब्द बहुधा नसेल. गाडीभाडे, बुडालेली मजुरी, आणि सोबत जाण्यास माणूस नसणे, हेच असेल.